रिकाम्या घरांचे पडदे

तिला सगळे शिडीताई म्हणत. ती उंच होती आणि तिचा अर्धा दिवस शिडीवर जाई, म्हणून हे नाव दोन्ही बाजूंनी बसलं. पडद्यांच्या दुकानात ती कामाला लागली तेव्हा विशीत होती. दुकानाच्या मालकीणबाई मापं घेत, कापड निवडून देत, गिऱ्हाइकाशी बोलत. शिडीताई भिंतीला भोकं पाडी, दांडे बसवी, पडदे चढवी आणि खाली उतरून लांबून बघे. एखादी चुणी वाकडी पडली असेल तर पुन्हा वर चढे. बाई खाली शिडी धरून उभ्या राहत आणि गिऱ्हाइकाला सांगत, "काळजी करू नका, ती पडत नाही. पडली तरी खिडकीबाहेर जायला तिला वाकावं लागेल."

नव्या घरात माणसं सगळ्यात आधी पडदेच लावतात. पलंग नसला तर जमिनीवर झोपता येतं, कपाट नसलं तर कपडे पेटीत राहतात, पण उघड्या खिडकीसमोर पहिला दिवस काढला की दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दुकानात हजर. त्यामुळे गावात घरं खपतात की नाही, हे बाईंना पेपरच्या आधी कळे.

मधली काही वर्षं घरं इतकी खपली की दुकानात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. कालव्यापलीकडे एक मोठी वसाहत उभी राहिली. सहा इमारती, मध्ये बाग, प्रत्येक फ्लॅटला रुंद खिडक्या. रुंद खिडक्या म्हणजे जास्त कापड. बाई त्या बिल्डरला मनातल्या मनात दुवा देत. बाईंच्या लेकीनेही तिथेच चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. किंमत ऐकून बाईंनी आधी कपाळावर हात मारला. वर्षभरात तसाच शेजारचा फ्लॅट दीडपट किमतीला गेला, तेव्हा त्याच हाताने त्यांनी जावयाची पाठ थोपटली.

"घर बसल्या जागी कमावतंय," जावई म्हणे. "मी ऑफिसात जाऊन कमावतो त्यापेक्षा जास्त."

बँकेचे साहेब स्वतः दुकानात आले. चाळिशीचे, चापूनचोपून भांग पाडलेले, बोलायला गोड. त्यांनी दुकानाच्या जागेची आजची किंमत सांगितली, आणि एवढी किंमत नुसती पडून आहे याचं वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. बाईंनी जागेवर कर्ज काढलं, दोन नवी शिलाई यंत्रं घेतली आणि बाजारपेठेत दुसरं दुकान भाड्याने घेतलं.

शिडीताईला मात्र यातलं काही लागू नव्हतं. ती आणि तिची आई एका जुन्या इमारतीत भाड्याच्या एका खोलीत राहत. खोलीला एकच खिडकी, तीही जिन्यात उघडणारी, तिला जुन्या चादरीचा तुकडा लावलेला. घरांचे भाव वाढले तसं त्या खोलीचं भाडंही वाढत गेलं. शिडीताई थोडे पैसे बाजूला टाकी, आणि वर्षाच्या शेवटी बघावं तर घर तिच्यापासून आणखी लांब गेलेलं असे. ती चालत होती आणि घर धावत होतं.

"घर पाहावं बांधून म्हणतात," तिची आई म्हणे. "आपण नुसतंच पाहावं."

मग एका आठवड्यात चित्र पालटलं.

ज्यांना कर्ज झेपणार नव्हतं त्यांनाही बँकांनी कर्जं दिली होती. हप्ते थकू लागले, घरं विकायला निघाली, घेणारा कुणी उरला नाही. भाव घसरले. भाव घसरले म्हणून आणखी लोक घाबरले आणि त्यांनीही घरं विकायला काढली. दुकानातल्या टीव्हीवर दिवसभर एकच बातमी. ज्या बँकेचं बाईंवर कर्ज होतं त्याच बँकेच्या दारात माणसं आपल्या ठेवी काढायला उभी होती, आणि आतून साहेब हात जोडून सगळ्यांना धीर देत होते. त्यांचा भांग त्या दिवशी विस्कटलेला होता.

बाई खुर्चीत बसून राहिल्या. दुसऱ्या दुकानाचं भाडं अंगावर, कर्ज अंगावर, आणि आठवडाभरात एकही गिऱ्हाईक नाही. लेकीचा फोन आला. तिच्या फ्लॅटची किंमत तिच्या कर्जापेक्षा खाली गेली होती.

शिडीताई शिडी पुसत होती. तिने सहज विचारलं, "बाई, किती पडलेत भाव?"

"अर्ध्यावर येतील म्हणतात. मेलो आपण सगळे."

शिडीताई शिडी पुसतच राहिली. तिच्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता. अर्ध्यावर आले तर वसाहतीतला एका खोलीचा लहान फ्लॅट तिच्या आवाक्यात येत होता. आणखी थोडे उतरले तर सहज. आजूबाजूला सगळी माणसं सुतकी चेहऱ्याने बसलेली असताना आपल्याला आत बरं वाटतंय, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने मान खाली घालून शिडीची तीच पायरी पुन्हा पुसली.

घरी गेल्यावर तिने आईला सांगितलं. आई म्हणाली, "कुणापुढे बोलू नकोस हो. लोकांच्या घराला आग लागलीय आणि तू हात शेकतेस म्हणतील."

भाव मात्र अर्ध्यावर आले नाहीत. सरकारने बँकेत पैसा ओतला. एवढी मोठी बँक बुडाली तर तिच्याबरोबर दुकानं, कारखाने, पगार, ठेवी सगळंच बुडेल, असं टीव्हीवरच्या लोकांनी समजावून सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. बाईंची ठेव वाचली. शिडीताईची चिमूटभर बचतही वाचली, कारण तीही त्याच बँकेत होती. तिने देवाचे आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर तिला कळलं की त्यांच्या वस्तीकडे जाणारी संध्याकाळची बस बंद झाली आहे. सरकारला खर्च आवरायचा होता. पाठोपाठ, आई गुडघ्यांसाठी जायची तो सरकारी दवाखाना आठवड्यातले निम्मे दिवस बंद राहू लागला.

"म्हणजे आजारी पडली बँक," आई म्हणाली, "आणि औषध बंद माझं?"

बाईंनी दुसरं दुकान सोडलं, एक यंत्र विकलं आणि शिडीताईचा पगार कमी केला. कमी करताना त्या रडल्या. शिडीताईनेच त्यांना पाणी आणून दिलं. असे काही महिने गेले आणि साहेब पुन्हा दुकानात आले. बँक आता निम्मी सरकारची होती, साहेब मात्र पूर्वीचेच होते. भांगही जागेवर आला होता.

"मोठं काम आहे," ते म्हणाले. "कालव्यापलीकडची वसाहत."

वसाहतीतले निम्म्याहून जास्त फ्लॅट आता बँकेकडे आले होते. काहींचे मालक हप्ते सोडून निघून गेले, काही कधी विकलेच गेले नव्हते. संध्याकाळी बघावं तर इमारतीत कुठे एखादा दिवा, बाकी सगळ्या काळ्या खिडक्या. घर बघायला येणारी माणसं बागेतूनच परत फिरत. म्हणून बँकेने ठरवलं होतं की रिकाम्या फ्लॅटना रस्त्याच्या आणि बागेच्या बाजूने पडदे लावायचे आणि आत काही दिवे ठेवायचे, आपोआप लागणारे. वसाहत नांदती दिसली पाहिजे.

"चांगलं कापड नको," साहेब म्हणाले. "बाहेरून दिसेल एवढंच. मागे-पुढे सरकले नाहीत तरी चालतील. कोण सरकवणार आहे?"

बाईंनी हो म्हटलं. त्या हो म्हणाल्या नसत्या तर पुढच्या महिन्यात दुकान त्याच बँकेकडे गेलं असतं.

रोज सकाळी दोघी शिडी घेऊन कालव्यापलीकडे जात. एकाच फ्लॅटच्या खिडक्यांना एकसारखे पडदे लावायचे, पण शेजारच्याला वेगळे, नाहीतर लबाडी कळते. हे बाईंनीच सुचवलं. मग त्यांना त्या कामात एक वाईट मजा येऊ लागली. "हा फ्लॅट शिक्षकाचा," त्या म्हणत, "निळे रेघारेघांचे लाव. आणि हा नव्या जोडप्याचा, त्यांना फुलं लागतील. कोपऱ्यावरची बाई विधवा आहे, तपकिरी." शिडीताई हसे आणि नसलेल्या माणसांचे पडदे चढवी. पडदे अरुंद होते. मध्ये फट राहू नये म्हणून त्या दोन्ही कडा टाके घालून एकमेकींना जोडून टाकत.

तिसऱ्या इमारतीत एक एका खोलीचा फ्लॅट होता. खोली लहानच, पण खिडकी मोठी, समोर बाग. शिडीताई शिडीवर होती. दांडा हातात धरून ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

"काय गं, चक्कर येतेय का?" बाईंनी खालून विचारलं.

"बाई, हे पडदे लावले की भाव पडायचे थांबतील?"

"त्यासाठीच तर लावतोय."

"म्हणजे मला हा घेता आला असता, तो घेता येऊ नये म्हणून मीच पडदे लावतेय."

बाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. इतकी वर्षं बरोबर काम करून, या भाव पडण्यात कुणाचं भलं असू शकतं हे त्यांच्या मनाला शिवलं नव्हतं. त्या शिडी धरून म्हणाल्या, "माझी पोर समोरच्या इमारतीत राहते गं. भाव पडले तर ती जन्मभर फेडत बसेल."

"माहीत आहे मला."

"मग मी काय करू?"

"तुम्ही काही करू नका. शिडी नीट धरा," शिडीताई म्हणाली आणि तिने दांडा बसवला.

त्या दिवशी दोघी उरलेले पडदे लावून परतल्या. पण बोलणं एवढ्यावर संपलं नाही. दोन-तीन दिवसांनी साहेब कामाची पाहणी करायला आले, तेव्हा शिडीताई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ती साहेबांपेक्षा हातभर उंच होती, त्यामुळे साहेबांना मान वर करावी लागली.

"साहेब, तुम्हाला घरं नांदती दाखवायचीत ना? मग मला आणि माझ्या आईला त्या लहान फ्लॅटमध्ये राहू द्या. जुन्या खोलीला देते तेवढं भाडं तुम्हाला देईन. खरा दिवा लागेल, खरे कपडे वाळत पडतील."

साहेब दचकले. मग त्यांनी खरोखर विचार केला, असं तिला वाटलं. "नाही जमायचं," ते म्हणाले. "एवढ्या कमी भाड्याने दिला असं कागदावर आलं की वसाहतीतल्या सगळ्याच घरांची किंमत तशी धरतात. रिकामं घर चालतं, ताई. स्वस्त घर चालत नाही."

"मग फुकट द्या."

ती चिडून बोलली होती. पण साहेब थबकले. फुकट म्हणजे भाडं नाही, आणि भाडं नाही म्हणजे कागदावर काही येत नाही. आपोआप लागणारे दिवे निम्मे वेळा लागत नव्हते, आणि एकदा तर भर दुपारी सगळी इमारत उजळून निघाली होती. आठवडाभराने तिला देखभालीचं काम मिळालं. पगार नाममात्र आणि राहायला तो एका खोलीचा फ्लॅट. बँकेने सांगितलं की निघायचं, ही अट.

आईला त्या घरात आणलं तेव्हा ती खिडकीसमोर खुर्ची टाकून बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. शिडीताईने आधी पडद्यांचे टाके उसवले. पडदे पुरेसे रुंद नव्हते, म्हणून तिने दुकानातल्या उरलेल्या कापडाची पट्टी जोडली. तिन्हीसांजेला ती किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघे, रिकाम्या फ्लॅटमध्ये फिरून दिवे लावी आणि जेवणं झाल्यावर मालवून येई. आई विचारी, "झाली का गं तुझ्या बिऱ्हाडांची चौकशी?"

बाईंच्या लेकीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एकदा तिने बागेत शिडीताईला गाठलं. "शिडीताई, बरं झालं बाई, आमच्या समोर कुणीतरी आलंय राहायला! फुलांचे पडदे आहेत. मी दोनदा बेल वाजवली, पण घरात नसतात वाटतं."

शिडीताईला खोटं सुचेना. तिने सगळं सांगितलं. बाईंची लेक ऐकत राहिली. तिचा चेहरा आधी पडला, मग घट्ट झाला. "आईला हे माहीत होतं?"

"बाईंनीच कापड निवडलं."

तिने समोरच्या खिडकीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "दुसऱ्या कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस. आणि आमच्या डावीकडचाही रिकामाच आहे. तिथे अजून काही लावलं नाहीये तुम्ही."

शिडीताईने दुसऱ्या दिवशी तिथेही लावले. मोतिया रंगाचे, झालरीचे.

हळूहळू खरी माणसं येऊ लागली. पडद्यांमुळे आली, की व्याज उतरलं म्हणून आली, की भाव आता यापेक्षा खाली जाऊ देणार नाहीत अशी लोकांची खात्री पटली म्हणून, कोण जाणे. साहेबांना बढती मिळाली, त्यामुळे त्यांच्या मते तरी माणसं पडद्यांमुळेच आली. नवी माणसं राहायला आली की आठवडाभरात दुकानात येत आणि तक्रार करत, "आधीच्या मालकांनी कसले पडदे लावले होते हो? उघडतच नाहीत." बाई गंभीर चेहऱ्याने म्हणत, "काय सांगायचं, लोक स्वस्तात करून घेतात," आणि नवी मापं लिहून घेत. दुकान पुन्हा उभं राहिलं.

शिडीताईच्या किल्ल्या एकेक करून कमी होत गेल्या. चार वर्षांनी तिच्या हातात एकच किल्ली राहिली, तिच्या स्वतःच्या दाराची. मग एक तरुण नवरा-बायको घर बघायला आले. शिडीताईनेच दार उघडलं, नळ सोडून दाखवले, ऊन कुठून येतं ते सांगितलं. बायकोने विचारलं, "चांगली आहे का हो वसाहत?"

"चांगली आहे," शिडीताई म्हणाली. "बागेकडची खिडकी सकाळी उघडी ठेवा."

किंमत ऐकून ती स्वयंपाकघरात गेली आणि ओटा पुसत राहिली. चार वर्षांचं वाचलेलं भाडं तिने पै न पै जमवलं होतं. पडझडीच्या आधी घर जेवढं लांब होतं, तेवढंच ते आताही लांब होतं. नवरा-बायकोचे चेहरेही आनंदी नव्हते. दोघांचा पगार पुढची पंचवीस वर्षं या भिंतींत जाणार होता, हे त्यांना तिच्याइतकंच कळत होतं.

मायलेकी शहराच्या टोकाला, टायरच्या गॅरेजवरच्या एका खोलीत राहायला गेल्या. आईने तक्रार केली नाही. एवढंच म्हणाली, "रबराच्या वासाने डास येत नसतील, नाही?"

बाईंच्या लेकीने याच सुमाराला आपला फ्लॅट विकला. घेतला त्यापेक्षा बराच जास्त मिळाला. त्याच पैशात थोडी भर घालून तिने दुसरीकडे घर घेतलं, ते होतं पहिल्याएवढंच. जावई नफ्याचं सगळ्यांना सांगत फिरला. बाई म्हणाल्या, "नफा झाला खरा. पण तो कुठल्या भिंतीत आहे, तेवढं दाखव मला."

बाई थकल्या तेव्हा दुकान विकायची गोष्ट निघाली. जागा मोक्याची, मागे एक खोली आणि मोरी. मोबाइलवाल्यांनी मोठी किंमत बोलून ठेवली होती. बाईंनी शिडीताईला बोलावून त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त किंमत सांगितली.

लेक आणि जावई दोघंही चिडले. "आई, बाजारभाव काय चाललाय, माहीत आहे का तुला?" लेक म्हणाली.

"माहीत आहे ना. तो भाव पडू नये म्हणून हिने काय काय केलं तेही माहीत आहे, आणि तुलाही माहीत आहे," बाई म्हणाल्या. "बाजार कधी माझ्यासाठी शिडीवर चढला नाही."

लेक उठून गेली. पुढे काही महिने ती आईशी जेवढ्यास तेवढं बोले. जावई तर कायमचाच दुरावला. बाईंना त्याचं दुःख झालं, पण त्यांनी शब्द फिरवला नाही.

शिडीताईने साठवलेले सगळे पैसे घातले आणि उरलेल्यासाठी त्याच बँकेत गेली. आता तिथे दुसरे साहेब होते. बाजारात जागेची किंमत दुप्पट धरली जात असल्यामुळे त्यांनी आढेवेढे न घेता कर्ज दिलं. मागच्या खोलीत आईचा पलंग आला. खिडकी लहान होती, गल्लीत उघडणारी. शिडीताईने तिला जाड अस्तराचे पडदे शिवले, मागे-पुढे सहज सरकणारे. पन्नाशीत तिने स्वतःच्या भिंतीला भोक पाडलं, आणि पहिल्यांदाच ते थोडं वाकडं गेलं.

नंतर एकदा दुपारी मायलेकी टीव्हीसमोर चहा घेत होत्या. बातम्यांत सांगत होते, घरांचे भाव पुन्हा चढले, देशाची तब्येत सुधारली. आईला आता कमी ऐकू येई. तिने विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"भाव वाढले म्हणतोय."

"म्हणजे आपलंही वाढलं?"

"हो. आपलंही."

हे सांगताना शिडीताईला आतून बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. तेवढ्यात दुकानात एक मुलगी आली. भाड्याच्या खोलीला स्वस्तातला पडदा हवा होता, एकाच खिडकीचा. शिडीताईने कप खाली ठेवला, टीव्हीचा आवाज बंद केला आणि तिला विचारलं, "खिडकी केवढी आहे?"